सातही घरी एकच थाप

काकू गेल्याला आज बारा दिवस झाले. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्या माझा मंगळवार होत्या.

एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या सुमारास मी कळवणकडून नाशिकला कॉलेजात आलो. गरीब मुलं तेव्हा वार लावून जेवत. आठवड्याचे सात वार, सात घरं. मंगळवार पंचवटीतल्या या काकूंचा.

इंटरच्या वर्षी मला काहीतरी झालं. पुस्तकातल्या ओळी दिसत, अर्थ लागत नसे. सकाळी उठून अंघोळ करणंही जिवावर येई. चार माणसांत बसून घास गिळणं तर नकोच वाटे. म्हणून सातही घरी एकच थाप मारली : "या वारी आता दुसरीकडे सोय झालीय." मग दार लोटून फुटाणे खात खोलीत पडून राहू लागलो. शिक्षण सोडून गावी जायचं, एवढंच मनात होतं; तेवढ्यासाठीही उठवत नव्हतं.

एक गोष्ट मी विसरलो. त्या सातही घरच्या बायका गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, एकाच घाटाला धुणं धूत.

"दुसरीकडे म्हणजे कुणाकडे हो?" तिथे एकीनं विचारलं, आणि सातहीजणी हातातलं धुणं थांबवून एकमेकींकडे बघत राहिल्या. काकू हे पुढे हसत सांगायच्या.

त्या दिवशी मात्र त्या ओल्या धुण्यासकट थेट माझ्या दारात आल्या.

"काय रे, आठवं घर सापडलं वाटतं? कोण सुगरण आहे, बघू तरी!"

मला रडू फुटलं. "काकू, वाचलेलं काही कळतच नाही मला."

"मग नको वाचूस. वाचल्याशिवाय जेवता येत नाही का? चल, वाल सोलायचेत."

दोनेक महिने मी रोज त्यांच्या ओसरीवर वाल सोलले, तांदूळ निवडले, वाती वळल्या. इतर सहा घरांतून ज्याच्या त्याच्या वारी माझं जेवण तिथेच झाकून येई. कारण कुणी विचारलं नाही. एकदा पुडीचा कागद सहज वाचला, आणि संपल्यावर लक्षात आलं की तो कळला होता. परीक्षा त्या वर्षी हुकलीच. पुढच्या वर्षी दिली.

परवा काकूंच्या दहाव्याला गंगेवर गेलो होतो. गुरुवारच्या काकू काठी टेकत जवळ आल्या.

"जेवायला कुठे आहेस आज?"

जुनं उत्तर जिभेवर आलंच होतं.

"कुठेच नाही," मी म्हणालो.

"मग चल."