फुफा दोनदा, मामा गायब

भोकरदनच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानावरचा जिना चढलं की डाव्या हाताला बद्रीनाथचा फोटो स्टुडिओ, आणि उजव्या हाताला सत्यशीलाचा कॉम्प्युटर क्लास. संभाजीनगरहून इंजिनिअर होऊन ती गावात परतली, तेव्हा अर्ध्या गल्लीनं विचारून घेतलं होतं, "का ओ ताई, पुण्यात जागा न्हाई उरली का?"

"जागा लई हाये," सत्यशीला म्हणायची, "पन तिथं भांडायला ओळखीचं कुनी न्हाई."

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न खराच होता. भाऊ मिथुन पुण्यात नोकरीला. त्यानं आपल्या कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बहीणभावांचं ठरलं ते असं: तिनं लिहिलेला प्रोग्राम या लग्नसराईत बद्रीनाथच्या स्टुडिओत नीट चालला, तर ती इथंच राहून जिल्ह्यातल्या बाकीच्या स्टुडिओंना तो देणार. नाही चालला, तर सोमवारी पुण्याची गाडी.

प्रोग्रामचं काम साधं. लग्नाचे ढीगभर फोटो घ्यायचे, उजळायचे, कापायचे, अल्बमच्या मापात बसवायचे. आधी ती हे काम एकाच गड्याकडून करून घ्यायची. गडी म्हणजे थ्रेड. एकाच प्रोग्रामच्या पोटात राबणारा कामकरी. सत्यशीला त्यांना गडीच म्हणायची आणि काम अडलं की शिव्याही तशाच द्यायची. एकटा गडी बिनचूक होता, पण संथ. बद्रीनाथ दारात उभा राहून कुरकुरायचा, "ताई, बिलकुल जल्दी न्हाई हे. एवढ्यात नवरीला पोरगं व्हईल." मग तिनं चार गडी लावले. फोटोंची एक रांग, पुढचा फोटो कोणता ते सांगणारा एक आकडा, आणि ज्याचे हात मोकळे होतील त्यानं आकडा बघायचा, फोटो उचलायचा, आकडा पुढं सरकवायचा. काम असं पळालं की बद्रीनाथनं स्वतः खाली जाऊन चहा सांगितला.

अल्बम घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी नवरीची आई झुंबरबाई आली. ती दिसायच्या आधी जिन्यातून तिचा आवाज वर आला.

"ओ बद्रीनाथ! माझा भाऊ कुठं ठिवला?"

"मावशी, भाऊ तुमचा. मला काय ठाऊक?"

"अल्बमात कुठंय म्हन्ते मी! बोहल्यावरच्या फोटोत बाशिंगाच्या आडून त्याचं नाक तेवढं दिसून राह्यलं. पंगतीत भाचीला घास भरवताना उभा राह्यल्ता, तेवढाच एक धड फोटो. त्योच न्हाई! आन पोरीचा फुफा? दोनदा! ह्या पानावर बी लाडू खाऊन राह्यला, त्या पानावर बी त्योच लाडू! लाडू सुदीक बदलला न्हाई मेल्यानं!"

लग्नात मामा आणि फुफा, म्हणजे आत्याचा नवरा, यांचा मान म्हणजे काट्यावर तोललेला माल. एकाचं पारडं जरा हललं की दुसरा जेवण सोडून उठतो. इथं तर एक दुप्पट झाला होता आणि दुसरा नाहीसा.

"मामा हायेत कुठं?" सत्यशीलानं भीत भीत विचारलं.

"खाली. वर या म्हनलं तर म्हनतो, 'सर्जेराव जिथं दिसत न्हाई तिथं सर्जेराव जात नसतो.' चहा सुदीक घेऊन न्हाई राह्यला."

बद्रीनाथनं कपाळ पुसलं. "ताई, तुमचे गडी काम बराबर जल्दी करतेत, पन माणसं खाऊन राह्यले. आज नीट झालं तर ठीक. न्हाईतर बिलकुल बंद. मी आपला हातानं करीन."

सत्यशीलाच्या डोळ्यांसमोर सोमवारची गाडी उभी राहिली, तीही शिट्टी मारत. तिनं तेच फोटो पुन्हा प्रोग्रामला दिले. प्रोग्राममध्ये एका अक्षराचाही बदल केला नाही.

"घावला!" बद्रीनाथ ओरडला. "मामा घावला! एक फुफा, एक मामा! द्या अल्बम!"

झुंबरबाईनं पडद्याला नाक लावलं. "व्हय, दादा हाये. पन हा हलगीवाला दोनदा कामून? आन माझी सासू कुठंय?" तिनं पडद्यापासून नाक काढलं. "ऱ्हाऊ द्या. तिची तशी घाई न्हाई."

बद्रीनाथ तेवढ्यावर राजी होता. झुंबरबाई तर फारच राजी होती. पण सत्यशीला राजी नव्हती. प्रत्येक वेळी तीच चूक झाली असती तर पकडता आली असती. ही चूक दर वेळी नवं माणूस गिळत होती. आज सासू, उद्या दुसऱ्या लग्नात नवरदेव.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "असा अल्बम न्हाई द्यायचा मी."

तिनं फुफाचा फोटो मोठा केला. मिशीला बुंदी, चेहऱ्यावर स्वर्गसुख. मग तिचं लक्ष पत्रावळीकडं गेलं. दोन बाजूंनी दोन वाढपी वाकले होते आणि दोघांच्याही हातात लाडू. दोघांनाही तीच पत्रावळ मोकळी दिसली होती. आणि फुफाच्या शेजारचा म्हातारा आपल्या कोऱ्या पानाकडं बघत बसला होता.

"दादा, ह्या आजोबाला लाडू का न्हाई मिळाला?"

"दोघं वाढपी एकाच पानाला वाढून एक एक पाऊल पुढं सरकले आसतील. मधलं पान ऱ्हातंच. हर पंगतीत व्हतं."

"माझे गडी बी हेच करून राह्यलेत!" सत्यशीला खुर्चीतून उठलीच. "दोघं एकदमच आकडा बघतेत. दोघांना फुफाच दिसतो, दोघं फुफालाच उचलतेत. मंग दोघं बी आकडा सरकवतेत. आकडा दोन घरं पुढं, आन मधी मामा!"

"अगं माय," झुंबरबाई म्हणाली, "म्हंजी ह्यात फुफाचा काईच हात न्हाई?" तिच्या आवाजात बरीच निराशा होती.

इलाज उघड होता. पुढचा फोटो बघणं, उचलणं आणि आकडा सरकवणं, सगळं एका दमात. एकाचं चालू असताना दुसऱ्यानं दाराबाहेर थांबायचं. सत्यशीलानं घाईघाईत कुलूप घातलं, पण घातलं अख्ख्या कामाला. एक गडी आत फोटो उजळतोय आणि तिघं बाहेर हात चोळतायत. वेग पुन्हा बैलगाडीचा. बद्रीनाथ खाकरला. तिनं कुलूप फक्त उचलण्यापुरतं ठेवलं: फोटो एकेकट्यानं घ्यायचा, मग आपापल्या कोपऱ्यात चौघांनी एकदम राबायचं. रांग रिकामी दिसली तर 'आलं का, आलं का' विचारत डोकं खायचं नाही. झोपायचं, काम आलं की हाक येईल. आणि शेवटी 'काम संपलं' अशी एक चिठ्ठी रांगेत सोडायची.

फोटो सरसर गेले. सगळे संपले. प्रोग्राम मात्र थांबेना.

"झालं की सगळं," बद्रीनाथ म्हणाला. "मंग हे कामून बसून राह्यले?"

सत्यशीलानं ओठ चावला आणि मग खळखळून हसली. "चिठ्ठी एकच टाकली मी. एका गड्यानं वाचली आन तो घरी गेला. बाकीचे तिघं हाकेची वाट बघत झोपलेत. जन्मभर झोपतील."

"त्यांना बी सांगा की मंग, बिचाऱ्यांना!"

चौघांसाठी चार चिठ्ठ्या टाकल्या. मग तिनं तेच फोटो पुन्हा पुन्हा चालवले. झुंबरबाई नातलगांची हजेरी घेत राहिली, आणि दर वेळी प्रत्येक माणूस एकदाच, आपल्या जागी. सासूसुद्धा.

खाली निरोप गेला तसे सर्जेराव फेटा सावरत वर आले. त्यांनी भाचीला घास भरवतानाचा आपला फोटो डोळे बारीक करून पाहिला.

"सर्जेरावाचं पोट जास्त दिसून राह्यलं," ते म्हणाले. "पन चालतंय. चहा सांगा."

चहा येईपर्यंत बद्रीनाथ गॅलरीत उभा राहून फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता, "आरं कल्याण, बिलकुल माणूस गळत न्हाई! मी डोळ्यांनी बघितलं!" कल्याणचा अंबडला स्टुडिओ होता.

सत्यशीलानं मिथुनला फोन लावला.

"काय मंग," तो म्हणाला, "सोमवारी कोणत्या गाडीनं येऊन राह्यली?"

"सोमवारी अंबडच्या गाडीनं," ती म्हणाली. "कल्याणदादाला प्रोग्राम दाखवायचाय. तुझ्या सायबाला सांग, जागा दुसऱ्याला दे म्हनावं."