वर्षभराचे पिक्चर, शेवट सोडून

किस्से कोणी पेरत नाही. परड्यात टाकळा माजतो तसे आपोआप माजतात. परवा सुनेने मोबाईलवर गेल्या वर्षी गाजलेल्या पिक्चरांची यादी वाचून दाखवली. म्हटलं, हे सगळे मी बघितलेत. शेवट सोडून!

कारण एसटी. सहाचा शो सुटतो सव्वानऊला आणि आमच्या गावात रात्री मुक्काम करणारी शेवटची वस्तीची गाडी रत्नागिरी स्टँडवरून निघते पावणेनऊला. दुपारचा शो का नाही, असं विचारणाऱ्याने आधी कोकणात दुपारी जेवून जागं राहून दाखवावं.

आम्ही तिघे. मी, रिटायर झालेले बाळू मास्तर आणि दत्ताराम. दत्तारामच्या मुलाने मुंबईत आपल्या मनाने लग्न केलं. हा फोनवर ओरडला, "घरात पाय ठेवू नको!" पोरगाही बापाचाच. तीन वर्षं ठेवला नाही, गणपतीलासुद्धा. गणपतीत मुंबईच्या गाड्या यायच्या वेळी दत्ताराम फाट्यावर जातो. म्हणतो, पेपर आणायला. वाचता येत नाही मेल्याला!

*

पहिला भुताचा. बाई विहिरीत वाकते, आतून हात वर येतो... आणि वाजले साडेआठ! उठलो. गावात उतरल्यावर मास्तर दिव्याखालून हलेनात.

"भूत मेलं की नाही ते कळल्याशिवाय मी पाणंदीतून जायचा नाही."

"मास्तर, भूत मेलेलंच असतं! चाळीस वर्षं पोरांना शिकवलंत तरी काय?"

*

मग मारामारीचा. हिरोला नऊ गोळ्या लागलेल्या, वर उलटा टांगलेला. आम्ही निघालो तर दारावरचा माणूस म्हणतो, "आजोबा, शेवट राहिला!"

मी म्हटलं, "तो मेला तर भाग दोनमध्ये काय तुझी आजी नाचणार?"

*

देवांचा आला तेव्हा खुशीत गेलो. शेवट जन्मापासून पाठ! सव्वाआठलाच उठलो, रुबाबात स्टँडवर आलो. गाडी तासभर लेट!

कंट्रोलरच्या खिडकीत तोंड घालून मी पंधरा मिनिटं शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, गाडीचाही शेवट ठाऊक आहे ना? तुमच्याच गावात जाणार."

*

प्रेमाच्या पिक्चरला मागची पोरगी रडत होती. आम्ही तिघे उठलो तशी म्हणाली, "खाली बसा ना!"

"गाडी चुकली तर तुझा हा बाजूचा नेऊन सोडील काय आम्हाला?" मी विचारलं. तो बाजूचा खुर्चीखाली चप्पल शोधायला लागला.

एसटीत आम्ही शेवट लावायला बसलो. मी म्हटलं, पळून जाऊ दे. मास्तर म्हणाले, "आधी तिचं डी.एड. पुरं होऊ दे." कंडक्टर म्हणाला, "दोघांनी सासूपासून वेगळं राहावं." सगळी गाडी हसली.

दत्ताराम तेवढा म्हणाला, "बापाला कोणी विचारलान काय?" आणि खिडकीकडे तोंड करून बसला. बाहेर काळोख. काय बघत होता कोण जाणे.

*

वर्षाच्या शेवटी घरगुती आला. बायका टॉवेल घेऊन जात होत्या म्हणे! त्यात एक म्हातारा मुलाला घराबाहेर काढतो. पुढे दोन तास म्हातारा अंगणात आणि आम्ही खुर्चीत. साडेआठ वाजले. मी उठलो, मास्तर उठले. दत्ताराम उठेना.

"चल रे, गाडी जाईल!"

"जाऊ दे. तुम्ही व्हा पुढे."

आम्ही आलो. सकाळच्या गाडीला हा नाही. दुपारच्याही नाही. मोबाईल घरात खुंटीला. त्याची बायको माझ्या दारात उभी राहून ओरडली, "जाताना तिघे गेलात आणि माझा माणूस थेटरात ठेवून आलात?" मी दर गाडीला फाट्यावर जाऊन बघून आलो. मास्तर तर पोलिसात जाऊ म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीतून दत्ताराम फाट्यावर उतरला. दाढी केलेली, हातात डबा.

मास्तर तडकलेच. "तीन दिवस पिक्चर बघत होतास? बोल, बापाने घेतला काय मुलाला घरात?"

दत्तारामने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"सून कालवण बरा करते," तो म्हणाला. "मीठ तेवढा कमी घालते."