महादूचा खांदा

महादू ढाकणे कुणालाच उजवा हात मिळवायला द्यायचा नाही. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी हात पुढे केला, तरी हा आपला डावा पुढे करायचा आणि वर सांगायचा, “राग मानू नका साहेब, उजवा कामावर हाय.” भोसरीच्या गच्च भरलेल्या बसमध्येही पिशवी डाव्या खांद्याला, दांडी डाव्या हातात आणि उजवा हात पोटाशी धरलेला, तान्हं पोर सांभाळावं तसा. आम्ही हसायचो. त्याला काही फरक पडायचा नाही.

तो बेसबॉल खेळायचा. तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि मी कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा. विनायक या माझ्या नावाचं त्याने ‘विन्या’ करून टाकलं होतं. “म्हणजे क्रिकेटच ना?” असं कुणी विचारलं की तो अगदी गंभीरपणे सांगायचा, “तसंच. फक्त ह्यात मागं स्टंप नसत्यात, विन्या असतो.”

त्याचे वडील बीडकडून येऊन भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले होते. महादू त्यांचा डबा पोचवायला जायचा. बिघडलेले लोखंडाचे तुकडे शेडच्या दुसऱ्या टोकाच्या पिंपात नेऊन टाकायचं काम वडिलांनी त्याच्या गळ्यात घातलं होतं. हा कशाला चालत जातोय! डब्यापाशी उभा राहूनच फेकायचा, आणि दर वेळी पिंपातून ठण्ण असा आवाज यायचा. आमच्या शाळेचे खेळाचे सर एकदा स्कूटरचा कुठलासा भाग करून घ्यायला तिथे गेले आणि आपलं काम विसरून हेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी महादूला निगडीच्या मैदानावर आणलं, तिथे सरावाला आलेल्या माझ्या हातात ग्लोव्ह चढवला आणि म्हणाले, “झेल.” पहिलाच चेंडू असा बसला की मी ग्लोव्ह काढून बोटं जागेवर आहेत ना ते बघितलं.

राज्याच्या संघात आम्ही बरोबरच गेलो. पुढे मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात चिकटलो. महादू कुठेच चिकटला नाही, त्याला खेळायचंच होतं. मग एक नवी खाजगी लीग निघाली आणि तिने त्याला करार दिला. झेलायला विन्याच पाहिजे, असा हट्ट धरून त्याने मलाही आत ओढलं. मी बिनपगारी रजा टाकून खेळायला जायचो. जर्सीच्या पाठीवर ‘ढाकणे’ छापलेलं बघून त्याची आई त्या अक्षरांवरून हात फिरवत बसली होती. त्यानंतर ती भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगायची, “माझा लेक बॉल फेकायला कामाला हाय.” त्याच वर्षी चिखलीच्या अलकाशी त्याचं लग्न झालं. तिला या खेळातलं काही कळत नव्हतं. ती प्रेक्षकांत बसून फक्त त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तेवढ्यावरून सामना कसा चाललाय ते बरोबर सांगायची.

दुसऱ्या हंगामात त्याचा चेंडू बदलला. बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं, मला ग्लोव्हमध्ये कळत होतं. ग्लोव्हपाशी पोचता पोचता चेंडू जो झटका द्यायचा, तो निघून गेला होता. एका सामन्यात मी खेळ थांबवून त्याच्याजवळ गेलो.

“खांदा दुखतोय?”

“दुखत न्हाई राव. जरा कुरकुर करतोय.”

“महादू, खरं सांग.”

“गोळी खाल्ली की खांदा झोपतो, मी जागा राहतो. जा, बस मागं.”

डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं की आत फाटलंय. ऑपरेशन करावं लागेल आणि वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही. लीगच्या मॅनेजरांच्या कानावर त्याने ते घातलं. “निर्णय तुझा,” ते म्हणाले, “पण पुढचे करार फिट खेळाडूंशीच होणार.” मी त्याला म्हटलं, कर ऑपरेशन. तर म्हणतो, “वर्षभर घरी राहिलो तर कोण ओळखणार मला? आपल्याला लोक खेळताना बी ओळखत न्हाईत, विन्या.”

त्या हंगामाचा शेवटचा सामना त्याने एकट्याने ओढून नेला. आम्ही जिंकलो. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तो कोपऱ्यात तसाच बसून राहिला होता. हात वर उचलवत नव्हता. मी त्याची जर्सी काढली, शर्ट चढवला, बटणं लावली.  तरी त्याने विचारलं, “जिंकलो ना?”

तिसरा हंगाम झालाच नाही. लीग गुंडाळली गेली. ऑफिसला कुलूप लागलं आणि मॅनेजर फोन उचलेनासे झाले. महादू स्वतः जाऊन बघून आला. “बोर्ड बी उतरवलाय,” एवढंच म्हणाला.

मग चाकणला एका गोदामात तो कंत्राटी कामगार म्हणून लागला. कंटेनरमध्ये खोकी चढवायची. ज्या हाताला त्याने कुणाला शिवू दिलं नव्हतं, त्या हाताने दिवसभर ओझी. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच, गोळ्या मात्र वाढल्या. शिफ्टला जाताना, जेवल्यावर, ओव्हरटाइम असला तर आणखी. औषधाच्या दुकानात याला बघितलं की पाकीट काढून ठेवायचे. मी रागावलो की हसायचा. “इथं समदेच खात्यात, राव. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. चाकणमधी गोळ्या बंद झाल्या तर एक गाडी भरायची न्हाई.”

पुढे काही वर्षांनी त्याच्या पायांना सूज यायला लागली. “बूट आखडलेत,” म्हणून त्याने दुसरे घेतले. जेवण जाईना, उलट्या होऊ लागल्या, तेव्हा अलकाने त्याला ओढून दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, “दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय?” महादू माझ्याकडे बघायला लागला. जणू उत्तर मीच द्यायचं होतं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

अलका तिथल्या तिथे म्हणाली, “माझी घ्या.” तपासण्यांत तिची जुळलीही. पण हा तयार होईना. “माझं अंग मी जाळलं. तुझं कशाला?” डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या तो हेच घोकत राहायचा. ती म्हणायची, “लग्नात माझा हात घेतलात तेव्हा लाजला नाहीत, आता किडनी घ्यायला लाजताय?” तो भिंतीकडे तोंड करायचा. शेवटी तिने बोलणंच टाकलं. डबा आणायची, ठेवायची, बाकावर बसून राहायची. या अबोल्यात उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मग एक दिवस त्याने मला जवळ बोलावलं. “तिला सांग, घेतो म्हणावं.” मी बाहेर जाऊन सांगितलं. ती पदर तोंडात धरून रडली.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. एवढ्या काळात हृदयावर ताण येऊन ते कमकुवत झालं होतं. आता ऑपरेशन सोसणार नाही, असं त्या म्हणाल्या. अलकाने आत जाऊन त्याला स्वतःच सांगितलं. त्याने तिचा हात धरला. मग म्हणाला, “उशीर मीच केला गं.” दिवाळीच्या आधी, सकाळच्या डायलिसिसला निघताना, घराच्या दारातच तो गेला.

निगडीच्या त्याच मैदानावर आम्ही शोकसभा ठेवली. जुने खेळाडू आले, सर काठी टेकत आले. लीगचे ते मॅनेजरही आले. फोटोला हार घालून ते बोलायला उभे राहिले. “असा खेळाडू होणे नाही. खांदा फाटलेला, तरी शेवटचा सामना खेळला. एका शब्दाने तक्रार नाही. खरा लढवय्या.” काही जणांनी माना डोलावल्या.

अलका पुढच्या रांगेतून उठली. आवाज चढवला नाही तिने.

“लढवय्या म्हणू नका त्यांना,” ती म्हणाली. “खूप दुखायचं त्यांना. मी बघायचे ना तोंडाकडे. थांब म्हणून हात धरणारं कुणीतरी पाहिजे होतं.”

मॅनेजर खाली बसले. पुढचं भाषण माझं होतं. माझं नाव पुकारलं, मी जागचा उठलो नाही. त्या शेवटच्या सामन्यातला प्रत्येक चेंडू मीच झेलला होता.