कडुनिंबाची गोधडी

नणंदेचं पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं तेव्हा फेब्रुवारी सुरू झाला होता. दिल्लीत केंद्रीय मंत्रालयातली नोकरी संपल्यावर ती सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेला आमच्याच सोसायटीत भाड्याने राहायला आली होती. क्वार्टर पुढे पुनर्विकासात पाडलं गेलं. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही. पण त्या बाजूला बाजारात जाऊन आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट विचारायची, की मागच्या अंगणातला कडुनिंब उभा आहे का. तो उभा नव्हता. मी स्वतः जाऊन खात्री केली होती.

म्हणून मी तिला कडुनिंबाची गोधडी करून द्यायचं ठरवलं. पलंगभर कापडावर ते एकच झाड, पानगळीच्या दिवसांतलं. विमानाचं तिकीट मार्चअखेरचं होतं. हातात आठ आठवडे होते आणि ती निघण्याआधी झाड तिला मिळायला हवं होतं.

आधाराला एक फोटो होता. भाचा चार वर्षांचा असताना मागच्या व्हरांड्यातून काढलेला. झाड पूर्ण दिसत होतं, भाचा अर्धाच. खोडासाठी कत्थई छापाचं कापड घेतलं. पालवीसाठी सरोजिनी नगरच्या बाजारातच पानांच्या छापाचे तुकडे मिळाले. गळणारी पानं मात्र रंगवून करायची होती. डाळिंबाच्या साली उकळून त्यात पांढरं सुती कापड बुडवलं. पिवळा रंग येणार होता, आला खाकी. सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात लोह असतं, ते ध्यानात आलं नव्हतं. दुसरा घाणा पिण्याच्या पाण्यात केला आणि पिवळा मिळाला. खाकी कापड टाकून दिलं नाही. कडुनिंबाची जमिनीवर पडून दोन दिवस झालेली पानं त्याच रंगाची असतात.

पानं एकेक कापून, मागे गोंदाचा कागद इस्त्रीने चिकटवून, कडेने टीप घातली. एकशे चाळीस पानं झाली. झाडाच्या मागे गल्लीची विटांची भिंत, तिला लालसर छापाचं कापड. जायला पाच दिवस राहिले तेव्हा वरचा थर तयार होता. आत कापसाची पट्टी आणि अस्तर घालून धावदोरे घालायचे तेवढे बाकी होते. मी नणंदेला बोलावलं आणि गोधडी पलंगावर पसरली.

तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “कुणाचं झाड आहे?”

“तुमचंच, ताई.”

“माझ्या झाडाची जाड फांदी डावीकडे होती, स्वयंपाकघराच्या बाजूला. पंचवीस वर्षं कपड्यांची दोरी बांधलीय मी तिला. ही तर शेजाऱ्यांच्या घरात चाललीय.”

मी फोटो आणला. फांदी डावीकडे होती. गोंदाचा कागद कापडाच्या मागून लागतो आणि आकार त्यावरच काढतात, त्यामुळे चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं. मी ते केलं नव्हतं. आख्खं झाड आरशातल्यासारखं उलटलं होतं. मी वर्तमानपत्रात नोकरीला असताना निगेटिव्ह उलटी लागून पुढारी डाव्या हाताने सही करताना दिसायचे, आणि छपाईआधी ते पकडणं हे माझं काम होतं.

“अच्छा,” नवरा दारातून म्हणाला, “म्हणजे उद्या दिलगिरी छापावी लागणार.”

“तू गप्प बस रे,” नणंद भावाला म्हणाली. “तुला तिथे झाड होतं हे तरी आठवतंय का?”

“आठवतंय ना. निंबोळ्यांवरून घसरून पडलो होतो.”

“जानेवारीत पडलास तू. जानेवारीत कुठल्या निंबोळ्या? चपलेचा पट्टा तुटला होता तुझा.”

तो चहा ठेवायला गेला.

पाच दिवसांत झाड उसवून पुन्हा लावणं शक्य नव्हतं. मी तिला म्हटलं की दुरुस्त करून महिन्याभरात कुरियरने पाठवते. ती नको म्हणाली. पलंगाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, परत आली. मग फांदीवर बोट ठेवलं.

“ऑफिसची बस मोठ्या रस्त्यावर सोडायची. मी मागच्या गल्लीने यायची, समोरून फार लांब पडायचं. गल्लीतून बघितलं तर फांदी उजवीकडेच असायची.”

ती माझी समजूत घालत नव्हती. जागा तपासत होती. झाड मागून पाहिलं की डावं ते उजवं होतं, हे बिल्कुल बरोबर होतं.

“पण मग ही भिंत चूक आहे,” ती म्हणाली. “गल्लीतून बघितलं तर मागे घर दिसणार. विटा कुठून आल्या? आणि हे बाजूला काय ठेवलंयस, कापूस? अगं, कापूस घातलास तर ती रजई होईल. गोधडीत जुनी लुगडी-साड्या जातात.”

तासाभरात ती स्वतःच्या घरी जाऊन पॅक केलेलं एक खोकं फोडून चार साड्या घेऊन आली. तीन आतल्या थरांसाठी. चौथी फिकट बदामी, क्वार्टरच्या चुन्याच्या रंगाची. तीन दिवस आम्ही दोघी दुपारी बसलो. मी विटा उसवल्या, तिने साडीची भिंत बसवली. फांद्यांच्या कडा सोडवून कापड आत सरकवणं हे नाजूक काम होतं. तिचे टाके माझ्यापेक्षा लहान पडत होते आणि ती ते दाखवून देत होती.

“इथे स्वयंपाकघराची खिडकी. हिरवी जाळी,” ती म्हणाली.

“बंद की उघडी?”

“उघडी. मी गल्लीच्या वळणावर दिसले की पोरगा तिथून ओरडायचा.”

“मग त्याचा चेहरा काढू का?”

“नको. काढलास तर फोन करून म्हणेल, माझं नाक असं नाही. नुसती उघडी ठेव.”

निघण्याच्या आदल्या दुपारी शेवटचा धावदोरा संपला. गोधडी अपेक्षेपेक्षा जड झाली होती. तिने ती दोनदा घडी करून पाहिली, मग सामानातली दोन मोठी, जड पातेली काढून मला दिली आणि गोधडी त्यांच्या जागी ठेवली. बॅगेची चेन लावण्याआधी मी विचारलं, की मागच्या बाजूला एक ओळ भरू का.

“कसली?”

“झाड कुठून पाहिलंय ती.”

“लिही. मुलगा तिथे मोठा झालाय, तोही हेच म्हणणार, की फांदी चुकली.”

मी अस्तराच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याने तीन शब्द भरले, “मागच्या गल्लीतून, संध्याकाळी.” संध्याकाळी हा शब्द तिने सांगितला होता.