गणित काढून टाकलं

दहावीत मला गणितात शंभरला दोन मार्क कमी पडले, आणि ते कुठे गेले हे शोधण्यात मी निकालाची अख्खी दुपार घालवली. पेढे घेऊन आलेल्या मावशीशी धड बोललेही नाही. पेपर आठवून आठवून पुन्हा सोडवला, तेव्हा भूमितीच्या एका सिद्धतेत कारण लिहायचं राहिल्याचं सापडलं. मग कुठे मला बरं वाटलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, "जमत नसेल, म्हणून सोडलं असशील."

आम्ही पाथरीत राहत होतो. वडील, म्हणजे आमचे अप्पा, प्राथमिक शाळेत गुरुजी. घरात एक डॉक्टर व्हायला पाहिजे हे त्यांनी मी चौथीत असतानाच ठरवलं होतं, आणि मी एकुलती एक असल्यामुळे तो डॉक्टर मीच होते. दहावीच्या निकालानंतर आठवडाभर ते रोज कुणाकुणाला भेटून येत. ज्यांचा मुलगा मेडिकलला लागला होता अशा एका हेडमास्तरांकडे तर दोनदा गेले. दुसऱ्यांदा परत आले ते ठरवूनच.

"गणित काढून टाकू," ते आईला म्हणाले. मला नाही, आईला. "मेडिकलला गणित लागतच न्हाई. त्याच्या जागी क्रॉप सायन्स घेऊ. पिकांचा अभ्यास, लय सोपा. प्रॅक्टिकलचे मार्क आयते हातात. टक्केवारी कुठल्या कुठं जाती. उद्या सरकारनं मेडिकलला बारावीचे मार्कबी धरायचे म्हणलं तर? आपण तयार पाहिजे."

"पण अप्पा, मला गणित..."

"डॉक्टर झाल्यावर बस की गणितं सोडवत. कोण नको म्हणायलंय?"

अकरावीचा फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी शाळेतले गणिताचे सर घरी आले. ते याआधी कधीच आले नव्हते. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. खुर्चीवर अवघडून बसत ते म्हणाले, "गुरुजी, बायोलॉजीसंगं गणितबी ठेवता येतंय. ठेवू द्या तिला. समजा मेडिकल न्हाई जमलं, तर दुसरीकडं तरी जाता येईल."

अप्पांचा चेहरा उतरला. "न्हाई जमलं तर" हे शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे.

"सर, तुमी खामखा पोरीच्या डोक्यात काई भरवू नका. आमी काय जबरदस्ती करायलोत का? तिलाच इचारा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अप्पांनीही. आई चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

"मला गणित आवडत नाही, सर," मी म्हणाले.

सर चहा न घेताच उठले. चपला घालताना मात्र एकदा वळून बघितलं त्यांनी. मला वाटलं, त्यांना कळलं असेल. पण नव्हतं कळलं. पुढे कधी बाजारात दिसले तर मान हलवून निघून जायचे, दुखावलेला माणूस जातो तसे.

क्रॉप सायन्सच्या प्रॅक्टिकलला बाटल्यांमधून बिया ठेवलेल्या असत. तूर, मूग, करडई, ज्वारी. त्या ओळखायच्या, वहीत चित्र काढायचं, खाली नाव लिहायचं. आईचं माहेर पेडगावचं, शेतीतलं. माझी वही उघडून ती हसत सुटली. "हे शिकायला कॉलेजात जायलीस व्हय? माझ्या संगं रानात आली असतीस तर दोन दिवसांत शिकवलं असतं." बारावीच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एक बाटली उचलली, आणि मी तोंड उघडायच्या आत मागून आमच्याच सरांनी उत्तर सांगून टाकलं. मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी पडले.

खरा घात झाला तो फिजिक्समध्ये. तिथे पानोपानी गणितच होतं. फळ्यावर सूत्र मांडताना सर मधली एक पायरी सोडून द्यायचे आणि म्हणायचे, "हे तुमी गणितात केलंच असंल." एकदा मी हात वर करून विचारलं, "सर, हे कुठून आलं?"

"गणित न्हाई का तुला?"

"नाही सर."

"मग पाठ कर."

मी पाठ केलं. जिला सिद्धतेतलं एक कारण सुटलेलं सहन होत नव्हतं, ती मी दोन वर्षं कारण न विचारता सूत्रं पाठ करत होते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, नीटमध्ये, प्रश्न जरा फिरवून विचारला की पाठांतर कोलमडायचं.

बारावीला टक्केवारी मात्र खरंच कुठल्या कुठं गेली. चौकात माझ्या फोटोचं फ्लेक्स लागलं, अप्पा रोज त्याच्यासमोरून शाळेत जायचे. महिनाभराने नीटचा निकाल आला आणि फिजिक्सने मला तळाला नेलं. मेडिकलला ती टक्केवारी कुणी विचारलीसुद्धा नाही. फ्लेक्स त्यानंतरही बरेच दिवस तिथेच होतं. पुढचं वर्ष मी परभणीत वसतिगृहात राहून पुन्हा तयारी केली. पुन्हा तेच झालं.

मग मी संख्याशास्त्राच्या पदवीला प्रवेश घ्यायचं ठरवलं. कॉलेजच्या प्रवेश खिडकीतल्या बाईंनी माझी गुणपत्रिका दोनदा बघितली. "मार्क तर लय चांगलेत गं. पण बारावीला गणित कुठंय? गणिताबिगर न्हाई घेता येत." मी घरी येऊन अप्पांना म्हटलं, नुसता गणिताचा पेपर बाहेरून देता येतो, एक वर्ष द्या. ते वर्तमानपत्र वाचत होते. "आणखी बारावीच देत बसणार हायेस का? लोक काय म्हणतील?"

मी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं. आता परभणीत एका क्लासमध्ये नीटच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. अप्पा पाहुण्यांना सांगतात, "आमची पोरगी डॉक्टर घडवती." पाहुणे कौतुकाने माना डोलावतात आणि मी आत निघून जाते.

गेल्या दिवाळीला जेवताना मी विचारलंच. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "अप्पा, तेव्हा माझं गणित का काढलं?"

त्यांनी घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मी? तूच म्हणलीस की सरांना, आवडत न्हाई म्हणून. मी तर इचारलं होतं तुला."

आई भाकरी वाढता वाढता थबकली. ती त्या संध्याकाळी दारात उभी होती, तिने सगळं पाहिलं होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "जेव आता. सणासुदीचं कशाला उकरून काढायलीस?"

मी जेवले. हात धुतले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, मामा येणार होते, तरी मी पिशवी भरली आणि त्याच दुपारच्या एसटीने परभणीला आले. वाटेत आईचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. अजूनही महिन्यातून एकदा पाथरीला जाते. अप्पांची तब्येत विचारते, औषधं बघते, जेवते. मुक्कामाला मात्र थांबत नाही.