जमलंच आणि दोन बोलकी हेल्मेटं

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘जमलंच’ म्हणायची. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ऊन खाऊन खाऊन ते कधीच उडालं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. कुणी मोडकं यंत्र घेऊन आलं, की यंत्राकडे न बघताच हा म्हणणार, “जमलंच समजा!” बहुतेक वेळा जमायचंही, उगाच खोटं कशाला बोला. आणि नाहीच जमलं, तर म्हणायचा, “जमलंच होतं हो, पण सुईने दगा दिला.” सुई, तेल, वीज, हवा, सगळ्यांनी त्याला कधी ना कधी दगा दिला होता. तो स्वतः मात्र कधी चुकला नव्हता. ‘नाही जमलं’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेच नव्हते. हट्टी असावं माणसाने, पण किती!

त्याची बायको वाचनालयात कामाला होती. दिवसभर लोकांना ‘शू’ करायचं आणि स्वतः त्याहून हळू बोलायचं. ती सवय इतकी मुरली होती, की तिला काय हवंय, हे भाजीवाल्यालाही दोनदा विचारून घ्यावं लागायचं. रविवारी मात्र ती नवऱ्यामागे मोटरसायकलवर बसून गावाबाहेर फेरफटका मारून यायची, आणि परतताना तिचा चेहरा असा खुललेला असायचा, की शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, “काय खाऊन आलात?” जमलंचला वाटायचं, आपल्या गाडी चालवण्याची ही कमाल. त्याला काय, सगळी कमाल स्वतःचीच वाटायची.

त्या वर्षी त्याने लांबच्या प्रवासाची एक जुनी मोटरसायकल घेतली. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे टेकून बसायला गादी, आणि हँडलपाशी चक्क रेडिओ. दुकानाला आठवडाभर कुलूप लावून दोघांनी समुद्रापर्यंत जायचं ठरलं. इतकी वर्षं नुसतं ‘जाऊ, जाऊ’ चाललं होतं, ते अखेर ठरलं. आणि तिथेच मेहुणा कडमडला.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्याच्याकडे नवीकोरी चारचाकी होती आणि तिचा तोरा चारचाकीपेक्षा मोठा होता. तो म्हणाला, “आम्हीही येतो समुद्रावर. पण जावईबापू, माझ्या बहिणीला दिवसभर तुमच्या पाठीकडे बघत बसवणार? वाऱ्यात तुमचा तो रेडिओ कुणाला ऐकू येणार? तिला माझ्या गाडीत पाठवा. माझ्या गाडीत आठ स्पीकर आहेत!”

बायको काहीच बोलली नाही. ती गप्प राहिली याचा अर्थ जमलंचने आपल्या मनाने लावला: बिचारीला मागे बसून कंटाळा येत असणार. झालं! तो ताडकन उठला. “दोन्ही हेल्मेटांत आवाज खेळवतो. बिनतारी! गाणी काय, गप्पा काय, पुढचा मागचीशी बोलेल आणि मागची पुढच्याशी. जमलंच समजा!”

“मला नको हो ते,” बायको म्हणाली. पण तिचा आवाज तो केवढा. शिवाय जमलंच त्या वेळी स्क्रूड्रायव्हर शोधत होता.

मग घराचं जे काही झालं, ते विचारू नका. हेल्मेटांची अस्तरं उसवून त्याने कानांपाशी चपटे स्पीकर बसवले, हनुवटीपाशी माइक चिकटवला. रेडिओचा आवाज हेल्मेटांपर्यंत पोचवायला एक डबी आणली आणि ती पेट्रोलच्या टाकीखाली दडवली. टाकी लोखंडी, तिच्याखालून आवाज कसला बाहेर पडतोय! ती काढून सीटखाली बसवली. मग गाणं आलं, पण गाण्यासोबत एक शिट्टीही आली, आणि गाडीची गती वाढवली की शिट्टीही चढायची. “इंजिन सूर धरतंय,” असं म्हणून त्याने विजेची कुरकुर गाळणारा एक तुकडा मध्ये जोडला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवराबायको समोरासमोर हेल्मेटं घालून बसले. “ऐकू येतंय का?” तो ओरडला. “येतंय,” ती म्हणाली, “पण मी समोरच बसलेय.” आणि मग काच वर करून तिने उरलेली भेंडी चिरून टाकली.

सगळ्यात मोठा घोळ शेजारच्या हेडमास्तरांचा झाला. निवृत्त माणूस, बागेत झाडांना पाणी घालत होता, आणि कानात मुलाने पाठवलेलं नवं श्रवणयंत्र, तेही बिनतारी. इकडे जमलंचने डबीचं बटण दाबलं. ती जवळचा कान शोधू लागली आणि हेल्मेटाऐवजी हेडमास्तरांच्या कानाशी जोडली गेली. जमलंचने डबीला जोडलेल्या फोनवर रस्ता दाखवणारी बाई सुरू केली आणि हेल्मेट घालून वाट बघत बसला. हेल्मेटात चिडीचूप. तिकडे हेडमास्तरांना आकाशवाणी झाली: “पुढे डावीकडे वळा.”

हेडमास्तर वळले. “आता सरळ जा.” हेडमास्तर सरळ गेले, झारीसकट, गुलाबाच्या वाफ्यातून. “शक्य होईल तेव्हा मागे फिरा.” ते मागे फिरले, तेव्हा धोतराचा सोगा काट्यात अडकलेला आणि झारीचं पाणी पायांवर. जमलंचने धावत जाऊन त्यांना सोडवलं. “अहो, जायचं कशाला?” त्याने विचारलं. हेडमास्तर म्हणाले, “जन्मभर पोरांना सांगितलं, की वरून आज्ञा आली की उलट विचारायचं नाही. आता माझ्यावर वेळ आल्यावर मी विचारू?”

एवढं होऊनही गडी हटला नाही. अखेर एका दुपारी दोन्ही हेल्मेटं बोलू लागली. मजा अशी, की इकडे हेल्मेटं बोलायला लागली आणि तिकडे बायकोने बोलणं सोडलं. वाटी आपटून ठेवू लागली. आणि प्रवासाला एक दिवस उरला असताना म्हणाली, “मी दादाच्या गाडीतूनच येते.”

जमलंचने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला, तेच हातचं चाललं होतं. समुद्रापर्यंत तो रिकाम्या मागच्या सीटला गाणी ऐकवत जाणार होता काय? “अगं, पण का?” त्याने विचारलं. “सहज,” ती म्हणाली. बायका ‘सहज’ म्हणतात तेव्हा त्यात सहज काही नसतं, एवढं त्यालाही कळत होतं. पुढचं काही कळेना.

त्याच दिवशी तिला वाचनालयाची किल्ली सहकारी बाईंकडे पोचवायची होती. त्या राहायच्या गावाबाहेर. “चल, सोडतो,” तो म्हणाला. तिने हेल्मेटाकडे संशयाने पाहिलं. “बंद आहे गं ते,” तो तोंड पाडून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं, की बंद आहे. दुपारी आपणच चालू करून ठेवलंय, हे साफ विसरला होता. ती निमूट मागे बसली.

गाव सुटलं, मोकळा रस्ता लागला, गाडीने वेग घेतला. आणि जमलंचच्या कानात गाणं सुरू झालं. कुणीतरी बाई गात होती. सूर एकीकडे, शब्द दुसरीकडे, पण गात होती अशी, की सगळं आकाश तिच्या बापाचं आहे. ‘कुठलं हे भिकार स्टेशन!’ असं मनात म्हणत त्याने रेडिओ बंद केला. गाणं चालूच. त्याने रेडिओवर एक चापट मारली. गाणं चालूच. समोर रस्त्यात खळगा आला, आणि ते स्टेशन म्हणालं, “अगं बाई, खड्डा!”

गाडी खड्ड्यातून दणकन गेली. स्टेशन पुन्हा गाऊ लागलं.

जमलंचने आरशात पाहिलं. मागे बायको डोलत होती. दिवसभर ‘शू’ करणारी त्याची बायको घसा फाडून गात होती.

मग त्याला आठवलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी घरच्यांत एकदा ती गायला बसली होती, आणि तिचा दादा म्हणाला होता, “थांब गं, आधी कुकरखालचा गॅस बंद करू दे!” सगळे खो खो हसले. हसणाऱ्यांत हाही होता. त्यानंतर ती कधी कुणासमोर गुणगुणलीही नाही. आपली बायको गाणं विसरली, असंच तो धरून चालला होता. आणि ती इतकी वर्षं, दर रविवारी, त्याच्या पाठीमागे वाऱ्यात गात होती. तिला तेवढीच एक जागा होती, आणि हा शहाणा तिथे माइक लावून बसला होता! त्याला इतकं भरून आलं, की काच खाली असूनही डोळ्यांत पाणी आलं.

घरी परतले तर दारात मेहुणा उभा, बॅगा गाडीत चढवायला आलेला. कुंपणापलीकडे हेडमास्तर. “काय जावईबापू,” मेहुणा म्हणाला, “वाजतोय का तुमचा बाजा? की झाली फजिती?”

जमलंचने सवयीने तोंड उघडलं. “जमल...” एवढं बाहेरही पडलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती हेल्मेट छातीशी धरून जमिनीकडे बघत होती.

“नाही जमलं,” तो म्हणाला.

हेडमास्तरांनी कानातलं यंत्र काढून झटकलं, फुंकर मारली आणि परत बसवलं. “बिघडलं वाटतं हे,” ते म्हणाले. “मला भलतंच काहीतरी ऐकू आलं.”

“सुईने दगा दिला असेल!” मेहुणा खिदळला.

“नाही,” जमलंच म्हणाला. “मलाच नाही जमलं. काही ऐकू येत नाही त्यातून. डबडं आहे नुसतं. काढायला गेलो तर अस्तर फाटेल, म्हणून राहू दिलंय.” हे बोलताना त्याचे कान लालबुंद झाले होते. बिचाऱ्याला दात काढून घेणं सोपं गेलं असतं.

“मग काय, चला, बहीणबाई माझ्या गाडीत!” मेहुण्याने तिची बॅग उचलली. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“नको दादा,” ती म्हणाली. “मी मोटरसायकलवरच बसते. मला गप्प बसायची सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. तिचं हेल्मेट कालपासून चालूच राहिलं होतं, पण आपल्या हेल्मेटातलं बटण सुरू करायचंच नाही, असा जमलंचने मनाशी पक्का निश्चय केला होता. तो निश्चय गावाच्या वेशीपर्यंत टिकला. ‘एकच गाणं,’ त्याने स्वतःला बजावलं. मग दुसरं झालं, तिसरं झालं. ती सुटली होती नुसती! एक नावाड्याचं गाणं तर तिने किती वेळा म्हटलं, पण दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ तिला येतच नव्हती. तिथे आली, की ‘ला ला ला’ करून पुढे जायची. जमलंचला ती ओळ येत होती. जन्मभर दुसऱ्यांची मोडलेली यंत्रं नीट केलेला माणूस तो, त्याच्या कानात एक मोडकी ओळ पुन्हा पुन्हा जात होती आणि हात लावायची सोय नव्हती. त्याने ओठ चावला, जीभ चावली. घाट उतरताना ती पुन्हा तिथे आली, पुन्हा ‘ला ला’ केलं, आणि त्याच्या तोंडून ती ओळ निघून गेली.

गाणं तिथेच तुटलं. नुसता वारा ऐकू येत होता.

“अहो,” ती म्हणाली. “म्हणजे ते जमलं होतं?”

“जमलंच होतं,” तो पुटपुटला.

“आणि काल दादासमोर ‘नाही जमलं’ म्हणालात?”

“हो.”

“तुम्ही?”

“मी.”

पुढे ती काहीच बोलली नाही. घाट संपला, पूल गेला, मेहुण्याची गाडी दिसेनाशी झाली, तरी नाही. ‘भांड गं बाई,’ जमलंच मनात म्हणत होता, ‘पाठीत गुद्दे घाल, पण अशी गप्प नको राहूस.’ पुढच्या थांब्यावर ती उतरून भावाच्या गाडीत जाऊन बसणार, याची त्याला खात्रीच झाली होती.

तेवढ्यात कानात खाकरल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात नावाड्याचं गाणं पहिल्यापासून सुरू झालं. पहिलं कडवं झालं, आणि ते थांबलं. जमलंचला आधी वाटलं, डबीने दगा दिला. आरशात पाहिलं, तर ती आरशातून त्याच्याकडेच बघत होती. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने घसा साफ केला, आणि तिच्याहूनही भसाड्या आवाजात दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ म्हटली.