आक्कांनी हवेत धरलेलं हेलिकॉप्टर

फोन आला तेव्हा मी नामपूरला, माहेरी होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होते. फोन आमच्या थोरल्या दिरांचा होता. दादा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून त्यांचं नाव बघूनच माझा हात थांबला. “मंगल, सुमन गेली,” ते म्हणाले. “सकाळी चहा घेतला, फुलांच्या शेडमध्ये गेली... तिथंच.” आई पडल्यापडल्या विचारत होती, “काय झायं बेटा?” सुमन म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या आक्का. सव्वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. आता सव्वा महिना होऊन गेला, तरी सकाळी मी अजून दोन कप चहा टाकते.

दिंडोरी रस्त्याला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का शेडमध्ये हार ओवत बसल्या होत्या. माझ्याशी बोलत होत्या, पण हातांकडे बघत नव्हत्या, आणि हार मात्र सरसर लांब होत होता. नाशिकच्या फूलबाजारात आमचे हार नुसते बघून लोक ओळखायचे. घरातलं कुठलंही काम अडलं, की ते आक्कांच्या हातात जायचं. मला त्यांचा धाकही होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. बोलणं नीट राहिलं, चालणं महिन्याभरात सुधारलं, पण डावा हात मागे राहिला. बोटं हलायची, मात्र धरलेली वस्तू कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. मग आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हातून एकेक गोष्ट काढून घ्यायला सुरुवात केली. आधी कपबशी, मग विळी, मग सुई. “राहू द्या आक्का” हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा ते माझंच असायचं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला शेडमध्ये उसंत नव्हती. आक्का एका कडेला बसून हळूहळू एक हार करत होत्या. गाठ सैल पडत होती, फुलं घसरत होती. गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी गेले आणि त्यांच्या हातातला दोरा ओढून घेतला. “राहू द्या आक्का, मी करते.” त्या उठल्या, पदर झटकला आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “भाऊजी, तुमचं ते हेलिकॉप्टर कुठं हाय?”

यांनी काही वर्षांपूर्वी रिमोटवर उडणारं एक लहान हेलिकॉप्टर हौसेनं आणलं होतं. हातभर लांबीचं. दोन-तीनदा आपटल्यावर खोक्यात घालून ते माळ्यावर गेलं होतं. “ते जमत नाही आक्का,” हे हसत म्हणाले. “वर जातं, पण हवेत एका जागी थांबत नाही. मला नाही जमलं.”

“तुमच्याकडं वेळ नव्हता,” आक्का म्हणाल्या. “माझ्याकडं लय हाय.”

रिमोटला दोन दांडे होते. उजव्यानं पुढे-मागे, डावी-उजवीकडे जायचं. डाव्या दांड्यावर सगळी मदार, कारण वर-खाली करणं आणि शेपटी सरळ ठेवणं त्याच्याकडे. म्हणजे नेमका आक्कांचा आजारी अंगठा तिथं लागणार. हे मला फार नंतर कळलं. त्यांनी खोकं उघडलं त्याच दिवशी ते हेरलं होतं.

शेडमध्ये वारा नसतो म्हणून सुरुवात तिथंच झाली. यांनी मोबाइलवर बघून सांगितलं, की शिकाऊ माणसानं हेलिकॉप्टरच्या खाली आडव्या काड्या बांधायच्या आणि टोकांना हलके चेंडू लावायचे, म्हणजे ते कलंडत नाही. आक्कांनी बांबूच्या काड्या हाराच्या दोऱ्यानं बांधल्या. शेपटी आपल्याकडे करून ठेवलं आणि डावा दांडा वर ढकलला. पंखा घरघरला, हेलिकॉप्टर जमिनीवरून डावीकडे घसरत गेलं आणि झेंडूच्या क्रेटवर जाऊन आदळलं. पहिले पंधरा दिवस हेच चाललं. अंगठा थरथरला की ते उडी मारायचं, घाबरून दांडा खाली ओढला की धपकन पडायचं. बॅटरी सहा-सात मिनिटं चाले, मग तासभर चार्जिंग. त्या तासात आक्का फुलं निवडायच्या आणि बॅटरीच्या दिव्याकडे बघत राहायच्या.

उचलून परत जागेवर ठेवायला म्हणून मी जायला लागले. आधी नाइलाजानं, मग ओढीनं. एकदा त्या म्हणाल्या, “हे रांगणाऱ्या पोरासारखं हाय मंगल. पळालं की मागं धावून उपयोग नाय. पळायच्या आधी नुसतं बोट लावायचं, आणि लगेच बोट काढून घ्यायचं.” दांडा केसभर हलवून परत मधे आणायचा, हे त्यांना असं उमगलं होतं. तरी जमत नव्हतं. डोक्याला कळलेलं अंगठ्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता.

थंडीत एका सकाळी ते पहिल्यांदा गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबलं. मी मोठ्यानं आकडे मोजत होते. सात म्हणाले आणि ते कलंडलं. आक्का घामानं निथळल्या होत्या. “आठ झाले,” त्या म्हणाल्या. मी सात म्हणाले. आम्ही त्यावरून दिवसभर भांडलो, आणि मला आठवतं, कितीतरी महिन्यांनी त्या माझ्याशी भांडल्या होत्या.

मग एक वाईट दिवस आला. हेलिकॉप्टर सरळ माझ्या अंगावर आलं आणि पंख्याचं पातं मनगटाला लागलं. जखम किरकोळ होती, पण रक्त बघून आक्कांनी रिमोट खाली ठेवला. “बास झालं. म्हातारपणी ही थेरं कशाला.” आठ दिवस त्यांनी खोक्याला हात लावला नाही. शेवटी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“आक्का, दसऱ्याला मी तुमच्या हातातला दोरा ओढून घेतला. चुकलं माझं.”

“मला वाटलं, तुला आठवतबी नसंल...” मग माझं मनगट हातात घेऊन त्यांनी खपलीवरून अंगठा फिरवला. डावा अंगठा. “नवीन पाती आणायला सांग भाऊजींना,” त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात काड्या आणि चेंडू सुटले. पूर्ण बॅटरीभर हेलिकॉप्टर शेडमध्ये थांबायला लागलं. तेवढ्यावर आक्कांचं समाधान नव्हतं. हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे करून त्यांना ते थांबवायचं होतं. तसं केलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि सहा-सात महिने हातात बसलेलं सगळं विसरून नव्यानं शिकावं लागतं. यात चार महिने गेले. शेपटी एकदा तुटली, पाती तर किती मोडली त्याला गणती नाही.

झेंडूचा एक तुकडा उपटून रान मोकळं झालं होतं, तिथं एका संध्याकाळी त्या हेलिकॉप्टर घेऊन गेल्या. बारीक वारा होता. खुडणीच्या बाया घरी निघाल्या होत्या, त्या बांधावर थांबल्या. हे आले, दादाही आले. आक्कांनी साडी खोचली, पायात माझे कॅनव्हासचे बूट. हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीवर नेलं, सावकाश वळवलं आणि त्याचं तोंड स्वतःकडे करून थांबवलं. वाऱ्यानं ते जरा ढळायचं आणि परत जागेवर यायचं. त्यांचे अंगठे हलताना दिसतसुद्धा नव्हते. दादांनी उभ्या आयुष्यात बायकोचं तोंडावर कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. ते गेले आणि शेडमधून खुर्ची घेऊन आले. “बस जरा. दमली असशील.”

“नको,” आक्का नजर न हलवता म्हणाल्या. “मला उभं राहायचंय.”

बॅटरी संपत आली तेव्हा त्यांनी ते अलगद उतरवलं. माती उडालीसुद्धा नाही.

हात पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. पूर्वीच्या वेगानं हार त्यांना पुन्हा कधी ओवता आला नाही. त्यांचे व्यायाम घेणाऱ्या प्राजक्ता मॅडमही सांगतात, की थोडी ताकद तशीही आली असती. पण मधल्या काळात घरातलं “राहू द्या आक्का” कधी बंद झालं ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेराव्यानंतर याच मॅडमचा फोन आला. “ते हेलिकॉप्टर तुमच्याकडेच आहे ना? मंगळवारी आणाल का?” मला काही उलगडेना. मंगळवारी आक्का व्यायामाला जायच्या, सोबत मोठी थैली असायची. मला वाटायचं, मॅडमना फुलं नेत असतील.

मी गेले. व्यायामाच्या हॉलमध्ये भिंतीजवळ फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा एक मोठा चौकोन आखलेला होता. आक्कांनी स्वतः गुडघ्यावर बसून तो आखला होता म्हणे. वर्षभर दर मंगळवारी त्या तिथं पाच-सहा पेशंटना हेलिकॉप्टर उडवायला शिकवत होत्या. घरात चकार शब्द काढला नव्हता. नाशिक रोडचे एक निवृत्त गृहस्थ वाट बघत खुर्चीवर बसले होते. त्यांचाही डावाच हात. मी हेलिकॉप्टर चौकोनाच्या मधोमध ठेवलं, शेपटी त्यांच्याकडे करून. त्यांनी दांडा ढकलला. ते जेमतेम बोटभर उचललं, थरथरलं, आणि त्या बोटभर उंचीवर तीन-चार क्षण थांबून खाली टेकलं. त्यांचे डोळे भरून आले.

“बाई फार कडक होत्या,” ते रुमाल शोधत म्हणाले. “तुमच्या त्या कोण?”

“जाऊ,” मी म्हणाले. हॉलमधल्या सगळ्यांनी मान वर केली, इतक्या मोठ्यानं. “माझ्या मोठ्या जाऊबाई.”